रक्तमिश्रित माती, साधी माती

तुझी फॉरेन्सिक व्हॅनवर नेमणूक झाली, तीही आपल्याच पालघर जिल्ह्यात. तुझ्या आईने फोनवर मला एवढंच सांगितलं, "दादा, पोरीला चार गोष्टी सांगून ठेव." माझी नोकरी कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत, जीवशास्त्र विभागात गेली. आमच्याकडे डाग लाखेच्या सीलखाली, पाकिटातून यायचा. तुझ्यासमोर तो भिंतीवर, लादीवर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर जागच्या जागी असेल. पाकिटातून काय यायचं आणि काय यायला हवं होतं, हे दोन्ही मी पाहिलंय. म्हणून सांगतो ते नीट ऐक.

आत शिरलीस की आधी हात पाठीमागे बांधून उभी राहा. बाहेर गर्दी असेल, तपास अधिकारी घाई करत असतील, बॉडी पोस्टमॉर्टेमला न्यायची गडबड असेल. तरी डोळ्यांनी खोली एकदा पुरी फिरून घे. फोटो आधी, मोजपट्टी ठेवून फोटो त्यानंतर, आणि हात शेवटी. एकदा पुसलेला थेंब परत भिंतीवर लावता येत नाही. उभ्याने सरळ खाली पडलेला थेंब गोल असतो, तिरका आपटलेला लांबट होतो आणि त्याची शेपटी तो ज्या दिशेने चालला होता तिकडे असते. थेंबाची रुंदी भागिले लांबी केली की कोनाचा साइन मिळतो. अशा पाच-सहा थेंबांवरून दोरे ओढले की रक्त कुठून उडालं ती जागा सापडते. पोलंडमध्ये पिओत्रोव्स्की नावाच्या माणसाने १८९५ मध्ये यावर प्रयोग करून पुस्तक लिहिलं होतं, इतकी ही जुनी विद्या आहे. पण त्यात नवशिक्याने फार बोलू नये. तू माप घे, फोटो घे, आणि अर्थ लावणं अनुभवी माणसावर सोड. सगळीकडे शिंतोडे आणि मध्येच एक कोरी जागा दिसली, तर तिचाही फोटो घे. तिथे काहीतरी किंवा कोणीतरी होतं आणि नंतर हललं.

आता डागाकडे ये. त्याला विचारायचे प्रश्न चार: हे रक्त आहे का, माणसाचं आहे का, कोणाचं आहे, आणि ते तिथे कसं आलं. प्रत्येक प्रश्नाची चाचणी वेगळी. पहिल्या प्रश्नाच्या चाचणीवरून तिसऱ्याचं उत्तर देऊन मोकळं होणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या बोलण्यावर विसंबून एखादा निरपराध माणूस महिनोन्महिने आत बसलेलाही पाहिला आहे. म्हणून हे बाकी सगळ्याच्या वर ठेव: चाचणी जेवढं सांगते त्याच्या पुढे एक शब्द बोलायचा नाही. साहेब विचारो, पत्रकार विचारो, मयताची आई पाया पडून विचारो.

जागेवर करायची चाचणी म्हणजे कॅसल-मायर. जवळजवळ सव्वाशे वर्षं जुनी आहे आणि अजून तिच्यासारखी सोपी दुसरी नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असलेला हीम नावाचा भाग असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड समोर आलं की हा हीम ते फोडतो, आणि त्या झटापटीत रंगहीन केलेलं फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होतं. डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेला कापूस डागाच्या कडेला हलकेच टेकव. कापसावर अल्कोहोलचा थेंब, मग फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब. इथे थांब. या टप्प्यावर रंग आला तर ते रक्ताचं लक्षण मानू नकोस, दुसरं काहीतरी ऑक्सिडीकरण करतंय. रंग आला नाही तरच पेरॉक्साइड घाल. दहा-पंधरा सेकंदांत गुलाबी झालं तर पुढे जा. मिनिटभराने हवेनेही गुलाबी होतं, ते मोजायचं नाही. निघण्याआधी व्हॅनमध्येच माहीत असलेल्या रक्तावर एकदा आणि कोऱ्या कापसावर एकदा करून बघ, आणि दोन्हीची वेळ घालून वहीत नोंद कर. डागावर थेट रसायन कधीच ओतू नकोस. आणि डाग मोहरीएवढाच असेल तर ही चाचणीही करू नकोस, सगळा डीएनएसाठी राखून ठेव.

गुलाबी रंग म्हणजे "रक्त असण्याची शक्यता", बस्स. इथेच आपल्या भागाचं विशेष सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षणात हे कोणी सांगणार नाही. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत पाय ठेवलास की तुझ्या कापसाला फसवणाऱ्या गोष्टी पावलोपावली आहेत. स्टीलच्या कारखान्यात गंज आणि लोखंडाचा कीस सगळीकडे. कापड-प्रक्रियेच्या कारखान्यात हायपोक्लोराइट, ब्लीचिंग पावडर आणि पिंपापिंपाने रंग. रसायनांच्या युनिटमध्ये तांब्याचे आणि लोहाचे क्षार. यांतली बरीचशी द्रव्यं पेरॉक्साइडच्या आधीच रंग दाखवतात, म्हणूनच मघाशी मधे थांबायला सांगितलं. तिथल्या कामगाराच्या कपड्यावरचा लालसर डाग बघून कोणी "रक्ताने माखलेला शर्ट" असं पंचनाम्यात लिहायला लागलं, तर हळूच थांबव. "लालसर तपकिरी डाग" एवढंच लिहायला सांग. डागाशेजारच्या कोऱ्या कापडावर, त्याच जमिनीच्या दोन फूट पलीकडे, तीच चाचणी पुन्हा कर. तिथेही गुलाबी आलं तर दोष जागेचा आहे. कारखान्यात अपघात झाला असेल तरी हीच रीत. यंत्रात हात गेलेल्या कामगाराचं रक्त कुठल्या पट्ट्यावर आहे आणि कुठल्या नाही, यावरून सुरक्षेची जाळी बसवलेली होती की काढलेली होती, हे ठरू शकतं. त्याच्या बायकोची नुकसानभरपाई त्यावर अडते. खुनाच्या डागाइतकाच हाही डाग जपायचा.

एमआयडीसीबाहेरही फसगत आहे. स्वयंपाकघरात मुळा, बटाटा, फ्लॉवर चिरलेल्या विळीवर वनस्पतींची पेरॉक्सिडेज द्रव्यं असतात आणि तीही गुलाबी करतात. प्रयोगशाळेत नमुना शंभर अंशावर काही मिनिटं तापवला की वनस्पतीचं द्रव्य मरतं आणि रक्ताचा हीम टिकतो. जव्हार-विक्रमगडकडच्या पाड्यांवर गेरूने सारवलेल्या भिंती दिसतील. गेरू म्हणजे लोहाचंच ऑक्साइड, डोळ्यालाही फसवणारं. पानाच्या पिचकाऱ्या तर सगळीकडेच. ताजं रक्त लाल दिसतं, पण काही तासांतच हिमोग्लोबिन बदलून तपकिरी होतं आणि जुनं झालं की काळपट. तेव्हा भडक लाल दिसणाऱ्या जुन्या डागावर आधी संशय घे आणि काळ्या ठिपक्याला आधी हात घाल.

निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा दिवा व्हॅनमध्ये असेल. चारशेपंधरा नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश रक्त शोषून घेतं, त्यामुळे ते चमकत नाही, अधिक काळं दिसतं. नवी मुलं चमक शोधत बसतात आणि डाग सुटतो. तू काळोख शोध.

ल्युमिनॉलबद्दल मालिकांनी फार गैरसमज पसरवलेत. १९३७ मध्ये जर्मनीत वाल्टर श्पेश्टने ते रक्तासाठी वापरून दाखवलं. लाखपट पातळ झालेल्या रक्तालाही ते अंधारात निळं चमकवतं, हे खरं. पण ब्लीचिंग पावडर, तांबं, काही भाज्या यांनाही चमकवतं. ब्लीचची चमक एकदम उठते आणि सगळीकडे सारखी पसरते, रक्ताची सावकाश चढते आणि पुसल्याच्या, ओघळाच्या खुणा धरून राहते. फरशी हायपोक्लोराइटने धुतल्याचा वास येत असेल आणि खोली सील करता येत असेल, तर एक-दोन दिवस जाऊ दे. ब्लीच उडून जातं, रक्त राहतं. आणि डोळ्यांना दिसणारे सगळे डाग गोळा झाल्याशिवाय ल्युमिनॉलची बाटली उघडू नकोस. फवारा धुक्याइतका बारीक मार. भिंतीवरून ओघळ वाहिले तर डागाचा आकारही गेला आणि डीएनएही पातळ झाला. कॅमेरा तिपाईवर आधीच लावून ठेव, चमक अर्ध्या मिनिटात उतरू लागते.

धुतलेल्या घरात कुठे बघायचं ते सांगतो, कारण धुणाऱ्याला दिसतं तेवढंच तो धुतो. लाद्यांच्या सांध्यात, स्कर्टिंगच्या मागे, पलंगाच्या पायाखाली, दरवाज्याच्या खालच्या कडेला बघ. मोरीतला नहाणी ट्रॅप उघड, तिथे केस आणि गाळ अडकतो. कोयत्याचं पातं घासलेलं असतं, पण लाकडी मुठीत जिथे पातं घुसतं तिथे रक्त मुरतं. रिव्हेट काढून बघायला प्रयोगशाळेला सांग. कपड्याची शिवण, खिशाची आतली बाजू, चड्डीचं इलॅस्टिक, बुटाचा सोल आणि वरचं चामडं जिथे जोडलं तिथे. गरम पाण्याने धुणाऱ्याने उलट प्रथिनं कापडात पक्की बसवलेली असतात. आणि वाळायला लागलेला थेंब कोणी पुसला तर मधलं जातं, कडेची वर्तुळाकार रेघ राहते. ती रेघ दिसली की थेंब पडल्यावर थोड्या वेळाने पुसला गेला, एवढं नक्की. हायवेवरच्या धडक देऊन पळालेल्या ट्रकला पाणी मारलेलं असलं तरी चॅसिसच्या खाली, स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये आणि मडगार्डच्या आत बघ.

पुढची पायरी प्रयोगशाळेची, पण ती माहीत असली की तू नमुना नीट घेशील. रक्तच आहे हे पक्कं करायला टाइचमनने १८५३ मध्ये सांगितलेले हिमीनचे तपकिरी स्फटिक किंवा ताकायामाचे १९१२ चे गुलाबीसर पिसासारखे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. स्फटिक आले तर रक्त आहे. नाही आले तर रक्त नाही असं मात्र म्हणता येत नाही, डाग जुना किंवा धुतलेला असू शकतो.

मग प्रश्न माणसाचं की जनावराचं. सातपाटीच्या किंवा नवापूर-दांडीच्या किनाऱ्यावर गेलीस की हा प्रश्न रोजचा. पापलेट साफ केलेल्या पाटावर रक्त असतं, कोंबडा कापलेल्या अंगणात असतं. पेशी ताज्या असतील तर मासा, पक्षी, साप, बेडूक यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक दिसतं, माणसाच्या तांबड्या पेशीत नसतं. चिंबोरीचं रक्त तर लालही नसतं, त्यात लोहाऐवजी तांबं. पण वाळलेल्या डागात पेशी फुटलेल्या असतात. ही अडचण १९०१ मध्ये पॉल उलेनहूट या जर्मन डॉक्टरने सोडवली. सशाला माणसाच्या रक्तातली प्रथिनं टोचली की सशाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात, आणि ती फक्त माणसाच्या रक्ताशीच गढूळ होतात. त्याच वर्षी रूगेन बेटावर दोन लहान मुलांचा निर्घृण खून झाला. संशयित सुतार म्हणत होता की कपड्यांवरचे डाग लाकडाच्या रंगाचे आणि जनावराच्या रक्ताचे. उलेनहूटने डाग एकेक करून तपासले आणि काही मेंढीचे, काही माणसाचे असल्याचं दाखवलं. आपल्याकडे कित्येक वर्षं मुंबईची प्रयोगशाळा "रक्त आहे" म्हणायची आणि "माणसाचं आहे का" हे ठरवायला नमुने कलकत्त्याच्या सिरॉलॉजिस्टकडे जायचे. जुने निकाल वाचलेस तर त्यांचा उल्लेख पानोपानी दिसेल. आता छोट्या कार्डावर दहा मिनिटांत कळतं. मात्र रक्त फार दाट असेल तर कार्ड उलट "नाही" दाखवतं. पातळ करून पुन्हा लाव.

रक्तगटाच्या अहवालांवर खटले उभे राहिले, पडले. "माणसाचं रक्त, गट अनिर्णित" हे वाक्य मी स्वतः किती वेळा टाइप केलं असेल. ओ गटाचे लोक एवढे आहेत की गट जुळला म्हणजे माणूस सापडला असं होत नाही. गट जुळला नाही तर मात्र माणूस सुटतो, आणि ते फार मोलाचं. त्यातही आपल्या मुंबईचा एक धडा आहे. १९५२ मध्ये डॉ. यशवंत भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे ब्लड ग्रुप शोधला. या माणसांचा गट नेहमीच्या चाचणीत ओ दिसतो, पण ओ मध्ये असणारं एच द्रव्यही त्यांच्या पेशींवर नसतं. डागावरून ओ लिहिण्याआधी एच तपासावा, हे मी माझ्या वरिष्ठांकडून शिकलो आणि तुला देतो.

कोणाचं रक्त, याचं उत्तर आता डीएनए देतं. लेस्टरच्या अॅलेक जेफ्रीजने १९८४ मध्ये ती वाट उघडली. लोकांना वाटतं रक्त लाल म्हणून डीएनए तांबड्या पेशींत; तिथे केंद्रकच नाही, डीएनए मिळतो पांढऱ्या पेशींतून. सडलेल्या, बुरशी आलेल्या डागातून तो सहसा मिळत नाही, आणि इथेच तुझं खरं काम आहे. आपल्या पावसात ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की दुसऱ्या दिवशी जंतूंनी निम्मं संपवलेलं असतं. ओलं असेल ते आधी सावलीत, पंख्याखाली, स्वच्छ कागदावर वाळव. उन्हात नको, हीटरसमोर नको. मग कागदी पाकिटात घाल. घडी घालताना दोन डाग एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये कागद. प्रत्येक वस्तू स्वतंत्र पाकिटात, मयताचे कपडे आणि आरोपीचे कपडे एकाच टेबलावरसुद्धा नकोत. तुलनेसाठी घेतलेलं रक्त ईडीटीएच्या नळीत, थंड पेटीत.

जमिनीवर सांडलेलं असेल तर पंचनाम्यात आपण लिहितो, "रक्तमिश्रित माती व साधी माती." साधी माती घ्यायला लोक कंटाळतात, दोन्ही डबे एकाच जागचे भरतात. हे तू कधी होऊ देऊ नकोस. साध्या मातीशिवाय त्या गुलाबी रंगाला काही अर्थ नाही, विशेषतः जिथे माती लोहाने लाल आहे किंवा नाल्याने रसायन वाहतं. मातीतले जंतू रक्त झपाट्याने खातात, म्हणून वरचा थर खरवडून पसरून वाळव आणि मुद्देमाल ठाण्यात पडू देऊ नकोस. माझ्या काळात शिपाई गोणी घेऊन विरारपर्यंत पॅसेंजरने यायचे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली. आता वाहन आहे, तरी पाकीट कोणाच्या हातातून कोणाच्या हातात, कधी, सील शाबूत होतं का, याची साखळी तुटली की आमची सगळी रसायनं फुकट.

आपल्या मनोरचं नाव ज्या प्रकरणाने देशभर गेलं ते तुला माहीत असेल. मे २००८ मध्ये मालाडच्या फ्लॅटमध्ये एका तरुणाला मारलं, तुकडे केले आणि मनोरच्या जंगलात नेऊन जाळलं. जळालेल्या हाडांत डीएनए फार थोडा उरतो, त्यामुळे अशा वेळी घरात राहून गेलेला छोटा डाग हजार हाडांना भारी. पण २०११ चा निकाल नीट वाच. एका आरोपीला सदोष मनुष्यवधाबद्दल दहा वर्षं आणि दुसरीला पुरावा नष्ट केल्याबद्दल तीन वर्षं. खून म्हणून तो गुन्हा कोर्टाने धरला नाही. रक्त कोणाचं हे डाग सांगतो, हल्ला ठरवून केला की रागाच्या भरात, हे सांगत नाही. आणि २०२२ मध्ये वसईतल्या एका बापाने मुलगी सापडत नाही म्हणून माणिकपूर पोलीस ठाण्यात तक्रार दिली. दिल्लीत मेहरौलीच्या जंगलात मिळालेली हाडं त्या बापाच्या रक्तावरून ओळखली गेली. तिला मारल्यानंतर अनेक महिने गेले होते. केस आणि अस्थी हैदराबादच्या प्रयोगशाळेत मायटोकाँड्रियल डीएनएने जुळवल्या. तुला जेव्हा नातेवाइकांकडून तुलनेचं रक्त घ्यायचं असेल, तेव्हा आईचं मागून घे. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडूनच येतो. आणि घेताना बाई, हळू बोल. समोरची आई ते रक्त देताना मुलीच्या जिवंत असण्याची आशा सोडत असते.

कायद्यातलं थोडं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं असं ठरवलं, राज्यांना पाच वर्षांच्या आत ते लागू करायचं आहे. कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण. म्हणजे तुझे हातमोजे बदलले की नाही हेही कॅमेऱ्यात दिसणार. कोर्टात बचाव पक्षाचा वकील तेच विचारणार, आणि विचारू दे, त्याचं काम आहे ते. सरतपासणीत "कॅसल-मायर पॉझिटिव्ह म्हणजे रक्तच ना?" असं सरकारी वकील विचारतील तरी "शक्यता" म्हणायचं. दोन्ही बाजूंना उत्तर एकच असावं. परिस्थितीजन्य पुराव्याच्या साखळीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा सारडा निकाल वाचून ठेव, त्यातली पाच सूत्रं तुझ्या डागाला त्याची जागा दाखवतील.

हिपॅटायटिस बीची लस पूर्ण घे. तो विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर तग धरतो, म्हणून वाळलंय म्हणजे धोका नाही असं समजू नकोस. हातमोजे दुहेरी घाल, वरचे प्रत्येक नमुन्याला बदल. आणि पेरॉक्साइडची बाटली व्हॅनच्या काचेजवळ ठेवू नकोस. उन्हाने ते मरतं, मग खऱ्या रक्तावरही कापूस पांढराच राहतो. बाटलीवर उघडल्याची तारीख लिही, मे महिन्यात दर आठवड्याला ताजी घे.